दूरच्या डीलरकडून नवीन मोटरहोम घ्यायची असेल तर

प्रश्न असा आहे: मोटरहोम, म्हणजे आत झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी घ्यायची आहे. हवं तेच मॉडेल, हवी तीच आतली मांडणी, पण गाडी उभी आहे हजार-बाराशे किलोमीटरवरच्या डीलरकडे. जवळचा डीलर त्याच गाडीचे जास्त पैसे सांगतो आणि वर कित्येक महिने थांबायला लावतो. दूरचा म्हणतो, ॲडव्हान्स भरा आणि येऊन घेऊन जा. घ्यावी का? आणि घ्यायची तर तिथे जाऊन नेमकं काय तपासायचं?

मी बरीच वर्षं मोटरहोमच्या दुरुस्तीचं आणि डिलिव्हरीच्या वेळच्या तपासणीचं काम करतो. माझं उत्तर: जरूर घ्या, पण दोन अटींवर. ॲडव्हान्स देण्याआधी ही गाडी तुमच्या घराजवळ वॉरंटीत कोण दुरुस्त करणार, हे लेखी मिळवा. आणि उरलेली रक्कम देण्याआधी त्या गाडीत एक तरी रात्र, जमल्यास दोन रात्री राहा. या दोन्हींपैकी एक जरी अट जमत नसेल तर किंमत कितीही चांगली असली तरी ती गाडी सोडून द्या.

इतकं ठामपणे सांगतो, कारण नवी मोटरहोम म्हणजे निर्दोष मोटरहोम नव्हे. तिचा राहण्याचा भाग बराचसा हातांनी जोडलेला असतो. पाण्याचे, गॅसचे, विजेचे शेकडो जोड, आणि हे सगळं रस्त्यावर तासन्‌तास हादरे खाणार. पहिल्या काही महिन्यांत काही ना काही निघतंच. डीलर जवळ असेल तर सकाळी गाडी सोडायची आणि संध्याकाळी आणायची. डीलर हजार किलोमीटरवर असेल तर कपाटाच्या बिजागरीसाठीसुद्धा दोन-तीन दिवस मोडतात. किमतीतला जो फरक तुम्हाला दिसतोय तो बऱ्याच अंशी याच सेवेचा मोबदला आहे. म्हणून हिशेब करताना जाण्या-येण्याचा खर्च, इंधन, मुक्काम, आणि वॉरंटीच्या कामासाठी डीलरकडे किमान एक पूर्ण खेप धरा. एवढं वजा करूनही फरक उरत असेल तरच ती गाडी खरंच स्वस्त आहे.

आता वॉरंटी. बहुतेकांची गफलत इथे होते, कारण गाडी एक असली तरी वॉरंटी एक नसते. इंजिन, गिअर, ब्रेक, स्टिअरिंग म्हणजे चॅसिस एका कंपनीचं: फियाट ड्युकाटो, मर्सिडीज स्प्रिंटर, फोर्ड ट्रान्झिट वगैरे. त्याची चिंता नको. त्या कंपनीचं व्यावसायिक वाहनांचं कोणतंही अधिकृत सर्व्हिस सेंटर ते काम करतं. फक्त तुमच्या गाडीची उंची, लांबी आणि वजन त्यांच्या दारातून आणि लिफ्टवर मावतं का, एवढं विचारून ठेवा. फ्रिज, हीटर, गीझर, टॉयलेट, छतावरचा एसी या प्रत्येकाची वॉरंटी त्या त्या कंपनीची. ट्रूमा, डोमेटिक, थेटफर्ड यांची स्वतःची सर्व्हिसची जाळी आहेत, त्यामुळे हेही बहुतेक वेळा निभावतं. मात्र काही उपकरणांची नोंदणी ग्राहकाने स्वतः करायची असते, ती पहिल्याच आठवड्यात करून टाका.

अडतं ते तिसऱ्या भागात, म्हणजे बॉडीत. छप्पर, भिंती, खिडक्या, जोड, फर्निचर, पाण्याच्या नळ्या. ही जबाबदारी बॉडी बांधणाऱ्या कंपनीची, आणि तिचं काम तिचे डीलर करतात. त्याच कंपनीचा डीलर तुमच्या गावाजवळ असला म्हणून तो तुमची गाडी घेईलच असं नाही. अनेक ठिकाणी त्याच्यावर तशी सक्ती नसते. वॉरंटीच्या कामाला कंपनी जे तास आणि जो दर मंजूर करते तो बहुधा त्याच्या नेहमीच्या दरापेक्षा कमी असतो, त्यामुळे तो आधी स्वतः विकलेल्या गाड्या बघतो. यात त्याचा दुष्टपणा नाही. मोसमात त्याच्याकडेही माणसं कमीच असतात. पण तुमची गाडी तीन महिने रांगेत राहते.

म्हणून फोन विक्रीवाल्याला करू नका, सर्व्हिस मॅनेजरला करा. सरळ सांगा: मी ही गाडी दुसरीकडून घेतोय, वॉरंटीचं काम तुम्ही कराल का, आत्ता किती आठवड्यांनी नंबर लागतो, आणि वर्षाची तपासणी तुमच्याकडे होईल का. ‘हो’ म्हणाला तर ईमेलवर दोन ओळी मागा. ‘नाही’ म्हणाला तर थेट बॉडी कंपनीला लिहा आणि विचारा की घराजवळच्या स्वतंत्र वर्कशॉपकडून किंवा घरी येणाऱ्या तंत्रज्ञाकडून काम करून घेतलं तर बिल मंजूर कराल का, आणि परवानगी आधी घ्यायची की नंतर. काही कंपन्या सहज हो म्हणतात, काही अजिबात नाही. हे उत्तर ॲडव्हान्स देण्याआधी हातात हवं, नंतर त्याचा उपयोग नाही.

वर्षाच्या तपासणीबद्दल मुद्दाम विचारायला सांगतोय. युरोपात अनेक कंपन्या बॉडीत पाणी न शिरण्याची हमी बरीच वर्षं देतात, पण अट अशी असते की दर वर्षी ठरलेल्या मुदतीत अधिकृत ठिकाणी ओलाव्याची तपासणी करून पुस्तिकेत शिक्का घ्यायचा. एक वर्ष चुकलं की हमी संपली. सगळ्यात जवळचं अधिकृत ठिकाण पाचशे किलोमीटरवर असेल, तर ती हमी कागदावर कितीही लांब दिसली तरी तुमच्या किती कामाची, ते तुम्हीच ठरवा.

कायद्यावर फार भिस्त ठेवू नका. अमेरिकेत सदोष गाडी परत घेण्याविषयीचे कायदे राज्यागणिक वेगळे आहेत, आणि बऱ्याच राज्यांत ते मोटरहोमच्या चॅसिसला लागू होतात, राहण्याच्या भागाला नाही. युरोपीय संघात घरबसल्या केलेल्या खरेदीला १४ दिवसांत माघार घेता येते, पण डीलरच्या जागेत जाऊन सही केली तर तो हक्क लागू होत नाही, आणि खास तुमच्या मागणीप्रमाणे बांधून घेतलेल्या वस्तूलाही नाही. म्हणजे करार कुठे आणि कसा होतो यालाही महत्त्व आहे.

वॉरंटीचं उत्तर समाधानकारक आलं की मग गाडीकडे वळा. ‘ते मॉडेल’ असं बोलू नका, ‘ती गाडी’ असं बोला. डीलरकडून चॅसिस नंबरच्या पट्टीचा फोटो, वजनाच्या पट्टीचा फोटो, चारही टायरवरच्या तारखेचे फोटो आणि किलोमीटरचा आकडा मागवा. टायरवरच्या मोठ्या कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, ३२२३ म्हणजे २०२३ सालचा ३२ वा आठवडा. ‘नवीन’ गाडीचं चॅसिस बॉडीपेक्षा वर्षभर आधीचं असणं अगदी सामान्य आहे, कारण चॅसिस कारखान्यात येऊन पडलेलं असतं आणि बॉडी नंतर चढते. त्यात गैर काही नाही, फक्त ते किमतीत दिसलं पाहिजे. चॅसिसची वॉरंटी कोणत्या तारखेपासून चालू झाली हेही विचारा. डीलरने गाडी प्रदर्शनासाठी आधीच नोंदवली असेल तर गाडी तुमच्या हाती येण्यापूर्वीच वॉरंटीचे काही महिने संपलेले असतात. आणि दीड वर्ष आवारात उभ्या राहिलेल्या गाडीच्या बॅटऱ्या बदलून मागायला अजिबात संकोच करू नका.

व्हिडिओ कॉल लावायचा तर थेट लावा, आधी काढून ठेवलेली चित्रफीत नको. ‘आता गादी उचला, आता सिंकखालचं दार उघडा, आता छतावर चढा’ असं तुम्ही सांगा आणि समोरच्याने ते करावं.

वजनाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण गाडी घेतल्यावर जी चूक सहजासहजी सुधारत नाही ती हीच. युरोपात साध्या बी वर्गाच्या परवान्यावर वर्षानुवर्षं ३५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येत आल्याने बहुतेक मोटरहोम त्या आकड्यात बसवलेल्या असतात. माहितीपत्रकातलं ‘चालू स्थितीतलं वजन’ म्हणजे ड्रायव्हरचे ७५ किलो आणि ९० टक्के भरलेली इंधनाची टाकी धरून केलेला आकडा. समजा तो ३०५० आहे. कागदावर ४५० किलो शिल्लक. ऑनिंग (गाडीच्या बाजूला उघडणारं कापडी छत), दुसरी बॅटरी, सोलर आणि छतावरचा एसी मिळून १०० किलो गेले. उरले तीन प्रवासी, प्रत्येकी ७५ धरून २२५ किलो. हातात राहिले १२५. कपडे, भांडी, अंथरूण-पांघरूण, खुर्च्या, सायकली, सगळं यात. आता खरी गोम पाहा: कारखान्याला त्या ३०५० च्या आकड्यात पाच टक्के फरकाची मुभा आहे, म्हणजे तुमची प्रत्यक्ष गाडी साधारण १५० किलोने जड निघाली तरी ती नियमात बसते. तसं झालं तर एकही कपडा न ठेवता चार माणसं बसली की गाडी मर्यादेबाहेर. शिवाय प्रवासात पाण्याची टाकी किती भरलेली धरली आहे तेही पत्रकात बारीक अक्षरात बघा. काही कंपन्या १०० लिटरच्या टाकीत २० लिटरच धरतात आणि उरलेले ८० किलो तुमच्या खात्यातून जातात.

यावर उपाय एकच: डीलरला गाडी वजनकाट्यावर न्यायला सांगा आणि पावती मागा. एकूण वजन वेगळं, पुढच्या आणि मागच्या एक्सलचं वेगळं. मागे मोठं सामानघर असलेल्या गाड्यांत एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा एक्सल ओव्हरलोड होतो, हे मी वारंवार पाहिलंय. अमेरिकी गाड्यांत माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल याचं लेबल लावलेलं असतं आणि टाकीभर पाण्याचं वजन किती तेही त्यावरच दिलेलं असतं. त्याचा फोटो ॲडव्हान्सच्या आधी मागवा. जो डीलर वजनाच्या पावतीला टाळाटाळ करतो त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही.

ॲडव्हान्सची रक्कम लहान ठेवा आणि करारात चॅसिस नंबर घालून घ्या. ‘तपासणीत सगळ्या यंत्रणा चालू स्थितीत आढळल्यावर उरलेली रक्कम’ हे वाक्य हवं, आणि तसं न झाल्यास ॲडव्हान्स परत, हेही हवं. कर्ज काढत असाल तर बँक डीलरला पैसे कधी सोडते हे आधी बँकेशी बोलून घ्या. अनेकदा तुम्ही गाडीत पाय ठेवण्याआधीच रक्कम पोचलेली असते आणि मग तुमच्या बोलण्याला वजन राहत नाही. विमा ताबा घेतल्या क्षणापासून चालू हवा, आणि रस्त्यात बंद पडल्यावर मदत देणारी योजना तुमच्या गाडीच्या वजनाला आणि लांबीला लागू आहे का ते पाहा. साध्या कारची योजना बहुधा चालत नाही. तात्पुरता नंबर तुमच्या घरापर्यंतच्या साऱ्या रस्त्यावर वैध असतो का, हे डीलरच्या तोंडी भरवशावर सोडू नका.

युरोपात एका देशातून दुसऱ्या देशात गाडी नेणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. पहिल्या वापराला सहा महिने झाले नसतील किंवा गाडी ६००० किलोमीटरपेक्षा जास्त चालली नसेल, तर करासाठी ती ‘नवीन’ धरली जाते आणि मूल्यवर्धित कर जिथे ती नेणार त्या देशात भरावा लागतो. दोन्हींपैकी एक अट पुरते. गाडी मंजूर नमुन्यानुसार बनल्याचं कारखान्याचं प्रमाणपत्र मूळ प्रतीत घ्या, नाहीतर नोंदणी अडकते.

शक्य असेल तर स्वतंत्र तपासनीस नेमा. अमेरिकेत एनआरव्हीआयए या संस्थेचे प्रमाणित तपासनीस मिळतात, ब्रिटनमध्ये अप्रूव्ह्ड वर्कशॉप स्कीममधल्या फिरत्या तंत्रज्ञांकडून तपासणी करून घेता येते. नवीन गाडीला कशाला, असं डीलर म्हणेल. तपासनीसाला आत येऊ द्यायलाच तो तयार नसेल तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं.

डिलिव्हरीला आठवड्याच्या सुरुवातीला जा. शुक्रवारी संध्याकाळी ताबा घेतलात तर मेकॅनिक घरी गेलेले, सुट्या भागांचं काउंटर बंद, आणि विक्रीवाला मात्र हसतमुखाने चावी पुढे करतोय. आधीच ठरवून घ्या की पहिली रात्र त्यांच्याच आवारात गाडीत काढणार, पाणी आणि वीज मिळेल. पुष्कळ डीलर यासाठी जागा ठेवतात. डीलर तासभर फिरवून सगळं ‘दाखवतो’, ते ऐका, रेकॉर्ड करा, पण त्याला तपासणी समजू नका. तपासणी तो गेल्यावर सुरू होते.

पोचल्या पोचल्या पहिलं काम फ्रिज चालू करणं. गॅसवर चालणारा ॲब्सॉर्प्शन फ्रिज थंड व्हायला कित्येक तास घेतो आणि गाडी सपाट उभी नसेल तर नीट चालतही नाही. आत थर्मामीटर ठेवा. सकाळपर्यंत गॅसवर आणि मग दुसऱ्या दिवशी विजेवर, दोन्ही पाहायचं. एवढा वेळ कोणताही डीलर तुमच्यासोबत थांबत नाही, म्हणूनच नव्या गाड्यांत फ्रिजचे दोष घरी गेल्यावर सापडतात.

मग पाणी. टाकी काठोकाठ भरा, कारण टाकीच्या वरच्या भागातली गळती अर्ध्या टाकीत कळत नाही. पंप चालू करा, प्रत्येक नळ गरम आणि थंड दोन्हीकडे हवा जाईपर्यंत सोडा, मग सगळे बंद करा. पंप थांबला पाहिजे. रात्री निजताना तो चालूच ठेवा आणि कान द्या. नळ बंद असताना पंप मधूनच सेकंदभर घुर्र करून थांबत असेल तर दाब कुठेतरी उतरतोय. एका नव्या कोऱ्या गाडीत असाच आवाज दर वीसेक मिनिटांनी येत होता. मालकाला वाटलं पंप असाच असतो. शॉवरमागचं पॅनेल काढल्यावर दिसलं की ढकलून बसवायचा जोड अर्धाच बसलाय, थेंब थेंब पाणी खालच्या इन्सुलेशनमध्ये मुरतंय आणि फरशीची प्लाय फुगायला लागली आहे. जोड आत ढकलायला दहा सेकंद लागले. तो आवाज कानाआड झाला असता तर वर्षभरात फरशी बदलावी लागली असती. म्हणून सकाळी सिंकखाली, शॉवरमागे, गीझरजवळ, पलंगाखाली, सगळीकडे कोरडा कागद फिरवा. ओला झाला की लगेच दिसतो.

थंडीच्या दिवसांत गाडी घेणाऱ्यांसाठी एक सूचना. ट्रूमाच्या गीझरला गोठण्यापासून वाचवणारी झडप असते, ती साधारण ३ अंशांखाली आपोआप उघडून पाणी खाली सोडून देते. सकाळी गाडीखाली थारोळं दिसलं तर आधी त्या झडपेकडे बघा, मग गळतीची शंका घ्या. आणि सिलिंडरमध्ये प्रोपेन आहे ना याची खात्री करा. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू होणंच थांबवतो आणि हीटर बिघडल्यासारखा वाटतो. प्रोपेन उणे ४० पर्यंत काम करतो.

गॅसच्या तपासणीत स्वतःचं डोकं फार चालवू नका. दाब धरून ठेवण्याची चाचणी झाल्याचं प्रमाणपत्र मागा आणि ती तुमच्यासमोर पुन्हा करायला सांगा. तुम्ही बघायचं ते एवढंच: प्रत्येक बर्नरची ज्योत निळी आणि स्थिर आहे, हीटर पहिल्या-दुसऱ्या झटक्यात पेटतो, गॅसचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बटण दाबल्यावर वाजतो. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून गळला तर बाहेर पडायला जमिनीलगत जाळीच्या झरोक्यांची सोय केलेली असते. त्यांवर पायपुसणं किंवा खोकं येत नाही ना, पाहा.

विजेच्या बाबतीत रात्री बाहेरची वायर काढून टाका. आवारात गाडी कायम वीज जोडलेली असते आणि त्यामुळे मेलेली बॅटरीसुद्धा जिवंत दिसते. दिवे, पंप, हीटरचा पंखा, सगळं घरच्या बॅटरीवर, म्हणजे इंजिनच्या नव्हे तर राहण्याच्या भागाच्या बॅटरीवर, रात्रभर वापरा. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली आणि निवांत असताना १२.७ व्होल्टच्या आसपास असते, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. एका साध्या रात्रीत ती त्याही खाली गेली तर कारण शोधायला सांगा. लिथियम बॅटरीचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे तिथे व्होल्टवर विसंबू नका, तिच्या ॲपमध्ये किंवा पॅनेलवर टक्के बघा. सकाळी इंजिन सुरू करा, घरच्या बॅटरीचा व्होल्टेज वर चढला पाहिजे. नाही चढला तर चार्जरची वायर कुठेतरी सुटली आहे, आणि ते घरी जाताना पहिल्या मुक्कामाला कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं.

पाणी आत शिरतं का, हे पाहायला पाऊस असेल तर उत्तमच. नसेल तर डीलरला पाइपने छतावर आणि खिडक्यांवर पाणी सोडायला सांगा, मग आत छताच्या झरोक्यांच्या कडा, खिडक्यांचे खालचे कोपरे आणि मागच्या दिव्यांमागची जागा हाताने चाचपा. ओलावा मोजायचं यंत्र भाड्याने मिळालं तर फारच छान. छतावर शिडी लावून सीलंटची रेघ सलग आहे का बघा. भिंत बाहेर सरकणारी गाडी असेल तर ती निदान चार-पाच वेळा आत-बाहेर करा, आवाज बदलतो का, रबर दुमडतं का, दोन्ही बाजू एकाच वेळी पोचतात का, ते पाहा.

मग तीस-चाळीस किलोमीटर चालवा, त्यातला काही रस्ता वेगाचा आणि काही खराब असू द्या. शेजारच्या माणसाने मागे बसून आवाज कुठून येतो ते टिपायचं. कपाटांची कुलपं उघडतात का, दारं आपोआप सरकतात का, वेगात खिडकीतून शिट्टी वाजते का. टायरमधली हवा थंड असताना आणि दाराजवळच्या पट्टीवर दिलेल्या आकड्याप्रमाणे भरा, टायरवर कोरलेला कमाल आकडा तो नव्हे. गाडीची खरी उंची, एसी आणि अँटेनासह, मोजून ड्रायव्हरसमोर चिकटवा. घरी निघाल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरवर चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा.

दुसरी रात्र डीलरपासून वीस-तीस किलोमीटरवरच्या कॅम्पसाइटवर काढा. घरच्यासारखं राहा: स्वयंपाक करा, दोघांनी पाठोपाठ अंघोळ करा, टॉयलेटची कॅसेट (बाहेर काढून रिकामी करायची मैल्याची टाकी) भरू द्या, सांडपाण्याची टाकी रिकामी करून पाहा. पहिल्या रात्री न दिसलेल्या दोन-चार गोष्टी इथे हमखास निघतात, आणि परत जायला अर्धा तासच लागतो.

यादी तयार झाली की तिचे तीन भाग पाडा. पाणी आत शिरणं, गॅस, ब्रेक, बॉडीतला वाकडेपणा, सरकत्या भिंतीचा दोष, खिडकी नीट न बसणं: हे दुरुस्त होईपर्यंत गाडी हलवायची नाही आणि पैसेही द्यायचे नाहीत. फ्रिज, हीटर, टॉयलेट यांचे किरकोळ दोष: ज्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर घराजवळ आहे त्यांचं तिथे करून घेता येईल, फक्त डीलरने तक्रार नोंदवून क्रमांक द्यावा. एखादा भाग मागवायचा असेल तर तो तुमच्या घराजवळच्या वर्कशॉपच्या पत्त्यावर पाठवायचा, मजुरी कोण देणार, हे डीलरच्या सहीनिशी. राहिले स्क्रू, पट्ट्या, कपाटाचे पकडणारे खटके. ते स्वतः करा, त्यासाठी भांडू नका. भांडायची ताकद पहिल्या भागासाठी राखून ठेवा. आणि पहिल्या भागात मोठं काही निघालं, डीलर ‘घरी जाऊन करून घ्या’ म्हणाला, तर बस किंवा रेल्वेने परत या. परतीचं तिकीट रद्द करता येईल असं आधीच काढून ठेवा. हातात दुसरा पर्याय असला की निर्णय घाईत होत नाही.

‘आमचा माणूस गाडी घरपोच आणून देईल’ हा प्रस्ताव मोहात पाडतो. तो घेतलात तर पूर्ण पैसे आधी जातात आणि दोष तुमच्या दारात सापडतात. तब्येतीमुळे किंवा कामामुळे जाणं खरंच शक्य नसेल, तर निदान स्वतंत्र तपासनीस डीलरच्या जागेत पाठवा आणि त्याचा अहवाल हातात आल्यावरच पैसे सोडा.

काही गाड्या मात्र मी दुरून घ्यायला सांगणार नाही. एखाद्या मॉडेलचं पहिलंच वर्ष, दोन-तीन सरकत्या भिंती, आपोआप सपाट करणारे हायड्रॉलिक पाय, आणि जिचा तुमच्या भागात एकही डीलर नाही अशी कंपनी. यांतल्या दोन गोष्टी एकत्र आल्या की जवळच्या डीलरला दिलेले जास्तीचे पैसे वसूल होतात, मग थोडं थांबावं लागलं तरी चालेल.

घरी येताना एका दमात अंतर कापू नका. पहिल्या दोन दिवसांची टप्प्यांची लांबी कमी ठेवा आणि वाटेत त्या चॅसिस कंपनीची सर्व्हिस सेंटरं कुठे आहेत ते नकाशावर आधीच खुणावून ठेवा. जे दिसेल ते तारीख आणि फोटोसह लिहीत जा आणि त्याच दिवशी डीलरला ईमेलने कळवा, फोनवर सांगितलेलं नंतर कुणाला आठवत नाही. बॉडीची वॉरंटी एकाच वर्षाची असेल तर दहाव्या महिन्यात पुन्हा एकदा टाकी काठोकाठ भरून, वीज काढून, वरून पाणी सोडून हीच सगळी तपासणी करा आणि जे निघेल ते मुदत संपण्याआधी लेखी नोंदवा. वर्कशॉपमधला नंबर नंतर लागला तरी तक्रार मुदतीतली धरली जाते ना, एवढं कंपनीकडून आधी लेखी घेऊन ठेवा.